बिनव्याजी घरे

हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी हे नाव घेतले की बहुतेकांना जिमी कार्टर आठवतात. कमरेला खिळ्यांची पिशवी, हातात हातोडा, अंगात साधी जीन्स, आणि अमेरिकेचा हा माजी अध्यक्ष कुणा अनोळखी कुटुंबाच्या घराची भिंत उभारतो आहे, हे छायाचित्र पस्तीसेक वर्षे जगभरच्या वर्तमानपत्रांत येत राहिले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पंचाण्णव वर्षांचे कार्टर घरी पडले, भुवईवर टाके घालावे लागले, डोळा काळानिळा झाला. तरी दुसऱ्या दिवशी ते नॅशव्हिलच्या बांधकामावर हजर होते. अशा माणसाबद्दल आदर वाटणार नाही तर काय वाटेल? पण या छायाचित्राने एक गैरसमजही रुजवला. हौशी लोक फुकट राबतात, मजुरी वाचते, म्हणून घर स्वस्त होते आणि गरिबाला परवडते, असे या संस्थेचे गणित आपण मनाशी मांडतो. ते तपासून पाहिले तर जुळत नाही. गरिबाच्या हाती ही घरे येतात ती मुख्यतः कर्जाच्या अटींमुळे. हातोड्याचे काम मोठे आहे, पण ते निराळे आहे, आणि ते समजून घेतले नाही तर या संस्थेचा कित्ता गिरवू पाहणारे नेमका चुकीचा धडा गिरवतील.

आकडेच घेऊ. समजा, अमेरिकेत एक लहानसे घर २ लाख डॉलरला पडते. ती सगळी रक्कम बँकेकडून सात टक्क्यांनी तीस वर्षांसाठी घेतली तर महिन्याचा हप्ता साधारण १,३३० डॉलर बसतो. पहिल्या हप्त्यातले १,१६६ डॉलर नुसत्या व्याजापोटी जातात, मुद्दल फिटते अवघे १६४ डॉलर. मुदत संपेपर्यंत कुटुंबाने पावणेपाच लाख डॉलरच्या वर भरलेले असतात. आता स्वयंसेवकांनी फुकट राबून घराची किंमत चौथाईने खाली आणली असे धरू. दीड लाखाच्या कर्जावर त्याच दराने हप्ता येतो ९९८ डॉलर. उलट, घराची किंमत एका पैशानेही कमी केली नाही, सगळे काम कंत्राटदाराला पूर्ण मजुरी देऊन करून घेतले आणि फक्त व्याज काढून टाकले, तर हप्ता उतरतो ५५६ डॉलरवर. महिन्याला २,४०० डॉलर मिळवणाऱ्या कुटुंबाला यातला पहिला हप्ता अशक्य आहे, दुसरा पोटाला चिमटे काढून दोन-चार वर्षे ओढता येईल असा आहे, आणि तिसरा झेपणारा आहे. मालमत्ता कर आणि विमा धरूनही तो उत्पन्नाच्या तीस टक्क्यांच्या आसपास राहतो. फुकट मजुरीने जे साधत नाही ते व्याज माफ झाल्याने साधते.

ही गोष्ट संस्थापकांना पहिल्यापासून ठाऊक होती. जॉर्जिया राज्यात अमेरिकस या गावाजवळ १९४२ साली क्लॅरेन्स जॉर्डन यांनी कोइनोनिया नावाची शेतवसाहत सुरू केली. जॉर्डन शेतीशास्त्राचे पदवीधर आणि बायबलच्या ग्रीक संहितेचे पंडित. गोरे आणि काळे एका टेबलावर जेवतील आणि सारख्याच मजुरीवर राबतील, एवढाच त्या वसाहतीचा नियम होता, आणि त्या काळच्या जॉर्जियात तेवढा बंडखोरीला पुरेसा होता. १९५६ पासून तिच्यावर बहिष्कार पडला, गोळीबार झाले, रस्त्याकडेचे विक्रीकेंद्र स्फोटाने उडवण्यात आले. गावात माल खपेना तेव्हा या लोकांनी शेतातले पेकन टपालाने देशभर विकायला सुरुवात केली. तिथे मिलर्ड फुलर आले. अलाबामातले हे वकील टपालाने माल विकण्याच्या धंद्यात तिशीच्या आत लखपती झाले होते. संसार मोडायच्या बेतात आला तेव्हा पती-पत्नींनी सगळी संपत्ती वाटून टाकून नव्याने सुरुवात करायचे ठरवले. १९६८ मध्ये जॉर्डन आणि फुलर यांनी मिळून भागीदारीतल्या घरांची योजना आखली. तिच्या मुळाशी ‘फंड फॉर ह्युमॅनिटी’ नावाचा निधी होता: देणगीदारांनी त्यात पैसे टाकायचे, कुटुंबाला नफा न घेता आणि व्याज न लावता घर द्यायचे, आणि कुटुंब जे हप्ते फेडील त्यातून पुढच्या कुटुंबाचे घर उभे करायचे. गरिबाला कर्ज दिले तर त्याच्याकडून व्याज घेऊ नये, या बायबलमधल्या आज्ञेला या दोघांनी शब्दशः मानले. पहिले घर पूर्णत्वाला जात असतानाच, १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये, जॉर्डन वारले.

व्याजावरच बोट का ठेवले, हे त्या काळची अमेरिका पाहिली की कळते. काळ्या शेतमजुराला घर बांधायचे हात नव्हते असे कोण म्हणेल? दक्षिणेतली कितीतरी बांधकामे त्याच हातांनी केली होती. त्याला नव्हते ते कर्ज. १९३४ साली स्थापन झालेले संघराज्याचे गृहनिर्माण प्रशासन बँकांच्या गृहकर्जांना हमी देत असे, आणि त्यामुळेच गोऱ्या मध्यमवर्गाला थोड्या अनामत रकमेवर दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज मिळू लागले. काळ्या वस्त्यांना मात्र ही हमी नाकारली जाई. कर्जासाठी धोक्याचे म्हणून अशा वस्त्या सरकारी नकाशांवर लाल रंगाने रंगवल्या गेल्या होत्या. मग बँकेने दार लावलेला माणूस खासगी सावकाराच्या किंवा घरविक्याच्या अटींवर घर घेई, आणि एक हप्ता चुकला की घरही जाई आणि भरलेले पैसेही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, घरांच्या बाबतीतला भेदभाव कायद्याने बंद झाला. पण कायदा दार उघडतो, हप्त्याचे पैसे देत नाही. सावकारी पाशाची ओळख ज्या मुलखात घरोघरी आहे तिथल्या वाचकाला हे जास्त समजावून सांगायला नको.

फुलर दांपत्याने १९७३ पासून तीन वर्षे तेव्हाच्या झाईरमध्ये, म्बांडाका या शहरात, हीच कल्पना राबवून पाहिली, आणि परत आल्यावर १९७६ साली अमेरिकसमध्येच हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीची स्थापना झाली. कार्टर यांचे गाव प्लेन्स तिथून जवळच. ते संस्थेत आले ते अध्यक्षपद गेल्यावर. १९८४ मध्ये न्यू यॉर्कमधल्या एका पडक्या सहा मजली इमारतीची दुरुस्ती करायला स्वयंसेवकांबरोबर गेले, आणि तिथे १९ कुटुंबांची सोय झाली. त्यानंतर संस्था जगभर पसरली. भारतात मात्र ती न्यू यॉर्कच्या त्या कामाच्या वर्षभर आधीच, १९८३ मध्ये, खम्मम इथे येऊन पोचली होती.

अमेरिकेत एखाद्या कुटुंबाला घर मिळते ते कसे, याचा तपशील पाहण्यासारखा आहे, कारण संस्थेचा खरा विचार त्या कागदपत्रांत आहे. स्थानिक शाखा अर्ज मागवते आणि तीन गोष्टी पाहते: सध्याची जागा खरोखर राहण्याजोगी नाही का, हप्ता भरण्याइतके नियमित उत्पन्न आहे का, आणि कुटुंब अंगमेहनतीला तयार आहे का. निवड झालेल्या कुटुंबाला आपल्या आणि इतरांच्या घरांवर काम करावे लागते. तास जागोजागी वेगळे, पण साधारण २०० ते ५०० च्या दरम्यान. जमाखर्च आणि घराची देखभाल शिकवणारे वर्गही त्यात मोजले जातात. घर तयार झाले की गहाणखत होते, आणि ते बहुधा एकाच कागदावर संपत नाही. घराची बाजारातली किंमत कुटुंबाला पडलेल्या किमतीपेक्षा जास्त असते. त्या फरकाचे दुसरे गहाणखत केले जाते, ज्याचा हप्ता नसतो. कुटुंब वर्षानुवर्षे तिथे राहिले तर ही रक्कम हळूहळू माफ होते किंवा तशीच निजून राहते, पण लगोलग घर विकून फायदा घ्यायचा म्हटले तर ती वसूल होते. देणगीतून आलेली सवलत दलालाच्या खिशात जाऊ नये, याची ही तजवीज आहे. आज सगळ्याच शाखांना शून्य व्याज परवडत नाही. काही अल्प व्याज लावतात, काही सरकारी किंवा बँकेच्या स्वस्त कर्जाशी जोड देतात. पण हप्ता उत्पन्नाच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवायचा, हे बंधन पाळले जाते. संस्थेचा कणा म्हणून बोट दाखवायचे तर ते मी या बंधनाकडे दाखवीन.

मग हातोड्याचे काय? संस्थेच्या मजुरीचा हिशोब कार्टर दांपत्याच्या कामावरूनच करता येतो. या दोघांनी चौदा देशांत, एक लाखाहून अधिक स्वयंसेवकांना बरोबर घेऊन, ४,४०० च्या आसपास घरे बांधली किंवा दुरुस्त केली. म्हणजे एका घरामागे तेवीस-चोवीस माणसे झाली. त्यांचा प्रवास, राहणे, जेवण, त्यांच्यावर देखरेख करणारे कुशल कारागीर हे सगळे धरले तर मजुरी वाचवण्याचा हा मार्ग असूच शकत नाही. टीकाकारांचा पहिला आक्षेप हाच असतो, आणि तो बिनतोड आहे असे त्यांना वाटते: ज्याला रंधा कसा धरायचा हे माहीत नाही त्या बँक अधिकाऱ्याने शनिवारचा दिवस भिंतीला रंग फासण्यात घालवण्यापेक्षा दिवसाचा पगार देणगी म्हणून द्यावा, त्यात दोन रंगारी कामाला लागतील. हिशोबापुरते हे बरोबर आहे. पण तो बँक अधिकारी पगार देत नसतो. देणगीच्या पत्रकाला न हललेला माणूस भिंत उचलायला येतो, आणि त्या दिवसानंतर देणगीदार होतो. हे एकदा पाहिले की संस्था स्वयंसेवकांवर एवढी मेहनत का घेते ते उलगडते.

भिंत उचलायला हे शब्दशः घ्यायचे. अमेरिकेतले साधे घर लाकडी सांगाड्याचे असते. जोत्यावरच्या तक्तपोशीवर आडवी चौकट मांडतात: खाली एक लांब पट्टी, वर एक, आणि मध्ये सोळा-सोळा इंचांवर उभ्या काठ्या. आखणी कुशल सुताराने आधीच पेन्सिलीने करून ठेवलेली असते. नवख्याने काठी खुणेवर धरायची आणि दोन्ही टोकांना खिळे ठोकायचे. चौकट पुरी झाली की आठ-दहा जण एका बाजूला उभे राहतात, आवाज मिळताच ती कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत उचलतात आणि ढकलत उभी करतात. सुतार कडेला ओळंबा बघून तिरकी फळी ठोकतो आणि सगळे हात सोडतात. सकाळी जिथे नुसते जोते होते तिथे दुपारपर्यंत खोल्या दिसू लागतात. पाया, वीज आणि नळजोडणी ही कामे परवानाधारकांची. त्यांना स्वयंसेवक हात लावत नाहीत. ज्या कुटुंबाच्या उत्पन्नाची, जुन्या कर्जांची छाननी समितीने केली होती ते कुटुंब या चौकटीच्या एका टोकाला उभे असते, आणि दुसऱ्या टोकाला असतो गावातला बँकवाला, शाळामास्तर, नगरसेवक. उद्या याच वस्तीत आणखी स्वस्त घरे बांधायला नगरपालिकेची परवानगी लागेल तेव्हा ‘अशा लोकांची घरे आमच्या शेजारी नकोत’ असे म्हणणाऱ्यांच्या गर्दीत ही माणसे बहुधा नसतात. अमेरिकी शहरांत परवडणाऱ्या घरांचे प्रस्ताव अशा शेजाऱ्यांच्या विरोधानेच अनेकदा अडतात, म्हणून ही लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडे सावडीत चार घरची माणसे आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या रानात राबतात आणि श्रम फिरून ज्याचे त्याला परत मिळतात. हॅबिटॅटमध्ये ते मागे न येता पुढे सरकतात: ज्याने माझी भिंत उचलली त्याचे घर मला बांधायचे नसते, माझ्यानंतरच्या कुटुंबाचे बांधायचे असते. हप्त्यांचेही तसेच. श्रमाचा आणि पैशाचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो, आणि श्रमाचा प्रवाह पैशाच्या प्रवाहाला माणसे जोडत जातो.

हौशी हातांचे काम कच्चे असेल, ही शंका रास्त आहे. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडातल्या वसाहतीच्या वसाहती झोपवल्या, तेव्हा तिथली हॅबिटॅटची घरे जवळपास शाबूत राहिली. हौशी माणूस दोन खिळ्यांच्या जागी दहा ठोकतो, असे फुलर यावर कौतुकाने सांगत. खरे कारण याहून साधे असावे: वादळानंतरच्या पाहणीत अनेक व्यापारी बांधकामांत छपराच्या फळ्या नीट ठोकल्याच नव्हत्या असे दिसले. ज्या कामात नफ्यासाठी कुणी काही गाळत नाही आणि ज्यावर कुशल माणसाची नजर असते ते काम टिकते. पण संस्थेच्या उत्साहाचा एक काळ असाही होता की घर किती झटपट बांधले याचे विक्रम होऊ लागले. २००२ मध्ये अलाबामात साडेतीन तासांच्या आत एक घर उभे केले गेले. असल्या विक्रमांनी देणगीदारांचे लक्ष वेधले जात असेल. तीस वर्षांचा हप्ता भरणाऱ्या कुटुंबाला साडेतीन तासांचे कौतुक असण्याचे कारण नाही.

हौशी हातांचा प्रश्न भारतात आणखी धारदार होतो. २००६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कार्टर दांपत्य लोणावळ्याजवळ मळवली परिसरात आले आणि देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी १०० घरांच्या बांधकामात भाग घेतला. कार्टर तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या घराण्याचा महाराष्ट्राशी संबंध त्याहून जुना: त्यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पीस कॉर्प्स या अमेरिकी स्वयंसेवक दलाच्या परिचारिका म्हणून विक्रोळीला आल्या आणि तिथल्या गोदरेज वसाहतीत राहून काम करत होत्या. मळवलीच्या त्या आठवड्याने संस्थेचे नाव मराठी वर्तमानपत्रांतून घरोघर पोचवले, हे खरे. पण लाकडी चौकट नवख्याला उभारता येते तशी विटेची भिंत येत नाही. थर सरळ रेषेत धरणे, सांधे भरणे, कोपरा ओळंब्यात राखणे हे गवंड्याचे काम आहे, आणि ते येण्यात काही वर्षे जातात. परदेशी पाहुणा इथे विटा वाहू शकतो, माल कालवू शकतो, भिंतीवर पाणी मारू शकतो. म्हणजे बिगाऱ्याचे काम करू शकतो, आणि बिगाऱ्यांची उणीव मावळात कधी नव्हती. विमानाच्या तिकिटाच्या पैशात इथे किती भिंती उभ्या राहिल्या असत्या, हा आक्षेप या ठिकाणी मी मान्य करतो. परदेशी स्वयंसेवकांच्या सहली संस्थेने कमीत कमी ठेवाव्यात असेच माझे मत आहे. ज्या देशात कुटुंबातच एखादा गवंडी असतो तिथे हातोडा घेऊन येण्यापेक्षा भांडवल घेऊन येणे उपयोगाचे.

भारतातल्या आणि एकूणच गरीब देशांतल्या कुटुंबांची घर बांधायची रीत पाहिली तर हे आणखी पटते. घर पाहावे बांधून म्हणतात ते एका दमात बांधणाऱ्यांसाठी. हातावर पोट असणारा माणूस घर वर्षानुवर्षे बांधत असतो. या दिवाळीला एक खोली, दोन वर्षांनी पत्रे काढून स्लॅब, मुलीच्या लग्नाआधी संडास. प्रत्येक टप्प्याला थोडी रक्कम लागते, आणि ती ना गृहकर्जाच्या चौकटीत बसते ना बचतीतून निघते. शिवाय गहाण टाकायला सात-बारा किंवा मालमत्तेचा चोख कागद नसतो. ग्रामीण घरकुल योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये अनुदान मिळते, ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार खात्यावर येते, आणि रोजगार हमीतून मजुरीचे दिवस मिळतात. घर लाभार्थ्यानेच बांधायचे, हे तत्त्व त्यात आहेच. पण अनुदानाच्या वर जो खर्च होतो तो कुठून आणायचा, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक गावांत उसनवारी किंवा सावकार हेच असते. हॅबिटॅटने २०१२ मध्ये मायक्रोबिल्ड नावाचा निधी सुरू केला, तो नेमका या पोकळीसाठी: तो घरे बांधत नाही, सूक्ष्म वित्तसंस्थांना भांडवल पुरवतो, आणि त्या संस्था कुटुंबांना खोलीपुरते, छपरापुरते, संडासापुरते कर्ज देतात. इथे स्वयंसेवक नाहीत, छायाचित्रे नाहीत, आणि हे कर्ज बिनव्याजीही नाही. जॉर्डन आणि फुलर यांच्या तत्त्वाशी ही तडजोड आहे, हे कबूल केले पाहिजे. तरी गरिबाला हात नव्हे तर अटी हव्या आहेत, हे सूत्र त्यात शाबूत आहे.

आता बिनव्याजी कर्जावरचाच आक्षेप. व्याज न घेणे फुकट पडत नाही. ते कुणीतरी सोसत असते. २ लाख डॉलर तीस वर्षांत थोडे थोडे परत येतात तोवर महागाईने त्यांची किंमत खाल्लेली असते. एका घराच्या हप्त्यांतून पुढे दुसरे घर पुरते उभे राहत नाही, त्याचा एक भागच निघतो. निधी फिरता आहे हे खरे, पण प्रत्येक फेरीत तो आटतो, आणि नव्या देणग्यांनी भरत राहावे लागते. मग सरळ घर दान का करू नये, असेही काही जण विचारतात. दान केलेल्या घराने एकाच कुटुंबाची सोय होते, हे पहिले उत्तर. दुसरे असे की हप्ता भरणारे कुटुंब नुसते घेणारे राहत नाही. त्याच्या हप्त्यावर पुढचे कुटुंब अवलंबून आहे हे त्याला माहीत असते, आणि देणगीदारांच्या यादीत तेही एका अर्थी सामील होते. आटणारा निधी भरण्याचे काम मात्र पैसेवाल्या माणसांनीच करायचे असते, आणि ती माणसे भिंत उचलताना जोडली जातात. हातोडा आणि हप्ता यांचा संबंध तो हा.

कर्जाच्या अटी किती निर्णायक असतात याचा वाईट पुरावा २००८ च्या आर्थिक अरिष्टाने दिला. त्याआधीच्या वर्षांत अमेरिकेतल्या बँकांनी आणि दलालांनी हॅबिटॅट ज्यांना घरे देते त्याच उत्पन्नगटातल्या कुटुंबांना भरभरून कर्जे वाटली होती. त्यांतली पुष्कळशी अशी की पहिली दोन वर्षे हप्ता कमी, मग व्याजाचा दर वर चढे आणि हप्ता हाताबाहेर जाई. कुटुंबे तीच, वस्त्या तशाच, घरे कित्येकदा जास्त मोठी. बुडाली ती अटींमुळे. गरीब माणूस कर्ज फेडत नाही, असा निष्कर्ष त्या वेळी अनेकांनी काढला. न वाढणाऱ्या, उत्पन्नाला बेतलेल्या हप्त्यावर तशीच कुटुंबे वर्षानुवर्षे नियमाने फेड करत होती, हे त्यांनी लक्षात घेतले नाही.

धर्माचा मुद्दा थोडक्यात. संस्था ख्रिस्ती प्रेरणेची आहे आणि ते लपवत नाही. कुटुंब निवडताना धर्म पाहिला जात नाही, आणि मदतीच्या बदल्यात धर्मप्रसार करायचा नाही असे तिचे जाहीर धोरण आहे. त्याहून वजनदार आक्षेप व्याप्तीचा आहे. अमेरिकेतला घरांचा तुटवडा लाखांत मोजला जातो आणि संस्थेची तिथली नवी घरे वर्षाला हजारांत. जगभरात सहा कोटींहून अधिक लोकांना मदत झाल्याचे संस्था सांगते, पण त्या आकड्यात दुरुस्त्या, कर्जे, प्रशिक्षण, जमिनीच्या हक्कांबाबतची कामे हे सगळे आहे. ते उपयोगाचे नाही असे नाही, मात्र सहा कोटींना घरे मिळाली असा अर्थ कुणी काढू नये. शिवाय हप्ता भरण्याइतके उत्पन्न ही अट असल्याने सगळ्यांत गरीब माणूस, रस्त्यावर झोपणारा, आजारी, बेरोजगार, या योजनेच्या बाहेरच राहतो. त्याला भाड्याची स्वस्त घरे हवीत, आणि ती सरकारशिवाय होणार नाहीत. सेवाभावी संस्था घरे बांधते म्हणून सरकारला हात झटकता येतात, हा आरोप मला अर्धाच पटतो. फुलर सरकारी पैसा घर बांधायला घेत नसत, पण जमीन, रस्ते, पाणी, सांडपाणी यांसाठी घेत; १९९६ पासून अमेरिकी सरकारने अंगमेहनतीच्या घरांसाठी स्वतंत्र अनुदान योजना चालवली ती याच कामांसाठी. कोणता खर्च समाजाने उचलायचा आणि कोणता कुटुंबाने, याची ही विभागणी शहाणपणाची आहे. सरकारने ती पुरेशा प्रमाणावर केली नाही, तर दोष करून दाखवणाऱ्याचा कसा?

सर्वांत अवघड राहतो तो जमिनीचा प्रश्न. व्याज माफ करता येते, मजुरी देणगीत मिळते, पण शहरातल्या जमिनीचा भाव कुणाच्या चांगुलपणाने उतरत नाही. याचेही उत्तर कोइनोनियाच्या परिसरातच शोधले गेले होते. १९६९ साली, जवळच्याच ली काउंटीत, नागरी हक्क चळवळीतले चार्ल्स शेरॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू कम्युनिटीज नावाने सुमारे ५,७०० एकर जमीन काळ्या शेतकऱ्यांसाठी सामाईक न्यासात घेतली. अमेरिकेतला हा पहिला सामुदायिक भूमी न्यास मानला जातो. जमीन होती, राबणारे हात होते, ध्येयनिष्ठाही होती. दुष्काळ पडला तेव्हा सरकारच्या शेतकी कर्ज विभागाने तातडीचे कर्ज द्यायला वर्षानुवर्षे दिरंगाई केली, आणि १९८५ मध्ये ती सगळी जमीन कर्जापायी गेली. काळ्या शेतकऱ्यांशी झालेल्या भेदभावाच्या खटल्यातून २००९ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मिळाली, तोवर पाव शतक लोटले होते. एकाच मुलखात, एकाच सुमारास सुरू झालेल्या या दोन प्रयोगांपैकी ज्याच्या कर्जाच्या अटी स्वतःच्या हातात होत्या तो जगला आणि ज्याच्या परक्याच्या हातात होत्या तो जमिनीला मुकला. न्यासाची कल्पना मात्र बुडाली नाही. हॅबिटॅटच्या अनेक शाखा आता तीच वापरतात: जमीन न्यासाच्या मालकीची राहते, कुटुंब फक्त घर विकत घेते आणि जमीन बहुधा नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने वापरते. त्यामुळे जमिनीची किंमत हप्त्यातून वजा होते. घर सोडायची वेळ आली तर कुटुंबाला फेडलेले मुद्दल आणि वाढलेल्या किमतीतला आधी ठरवलेला हिस्सा मिळतो, आणि तेवढ्याच उत्पन्नाचे दुसरे कुटुंब परवडणाऱ्या किमतीत तिथे राहायला येते. या दुसऱ्या कुटुंबासाठी कुणालाही नवी भिंत उचलावी लागत नाही.